न दिलेला टोला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे, एकीला सांगून पाहिलं, पण ते सांगणं काही सांगण्यात जमा झालं नाही. का झालं नाही, ते पुढे येईलच. तोवर तुम्ही असं धरून चाला, की हे पहिल्यांदा तुमच्याच कानावर पडतंय.

सुरुवात वेंधळेपणापासून करते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या सोसायटीच्या विहिरीवर माझ्याकडे एकच काम होतं. पाण्याची पाळी बदलायची वेळ झाली की टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर टोला द्यायचा. घड्याळ समोर भिंतीवर, रूळ डोक्यावर, टोला द्यायची सळई हाताशी. आणि एका दुपारी तो टोला मी दिला नाही. विसरले. पुस्तक वाचत बसले होते.

हसू आलं ना? त्या पुस्तकात काय होतं ते कळलं तर आणखी येईल. फ्रान्समधल्या एका तत्त्वज्ञाचा विचार होता तो. त्याचं म्हणणं असं, की घड्याळ दाखवतं ती खरी वेळ नव्हेच. आपण वेळेचे तुकडे करतो, ते दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे ओळीने मांडतो, आणि त्या मांडणीलाच वेळ समजतो. खरी वेळ वाहती असते, आधीचा क्षण पुढच्यात मुरलेला असतो, मोजायला गेलात की ती हातून निसटते. वा! काय पटलं होतं मला! घड्याळातली वेळ खोटी आहे हे वाचता वाचता माझी घड्याळातली वेळ कधीच टळून गेली होती.

पण कबूल करायचंय ते हे नाही. विसरणं काय, कोणीही विसरतं. त्याच्यानंतरचं जे आहे—थांबा, तिथे मी एकदम जाऊ शकत नाही. आधी ती मुलगी कोण होती ते बघा. तिला ‘मी’ म्हणायला आता मला जरा संकोच होतो.

औरंगाबादहून तत्त्वज्ञानात एम. ए. करून ती शिरूर कासारच्या बाजूच्या एका कोरड्या गावात सून म्हणून आली. सोबत एक ट्रंक, त्यात निम्म्या साड्या आणि निम्मी पुस्तकं. त्यातलं एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं, जे तिने परत केलं नव्हतं आणि करायचा विचारही नव्हता. नवरा बीडला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात सासू-सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आण्णा म्हणे. ते सोसायटीचे चेअरमन. आण्णांना सुनेच्या शिक्षणाचं केवढं कौतुक! आल्यागेल्याला सांगायचे, “आमची सून तत्त्वज्ञान शिकलीय.” एकाने विचारलं, “म्हंजी डागदरीन का?” तर आण्णा थाटात म्हणाले, “न्हाई बे, त्याच्याबी वरचं.”

आणि ही बया ते खरं समजायची! सासूबाईंच्या समोर दूध उतू गेलं, तर ही म्हणाली, की दूध तापणं आणि उतू जाणं या दोन वेगळ्या घटना नाहीत, ती एकच अखंड घडण आहे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि चूल पुसायचं फडकं तिच्या हातात दिलं. मला आज वाटतं, तिच्या शिक्षणावर गावाने दिलेलं ते सर्वात नेमकं उत्तर होतं. तिला मात्र तेव्हा अपमान वाटला.

ते दिवस सहकाराचे होते. गावोगाव सोसायट्या निघत होत्या—कुठे दुधाची, कुठे पतपुरवठ्याची, कुठे साखर कारखाना निघणार म्हणून नुसत्याच सभा. आमच्या गावाने पाण्याची काढली. सगळ्यांनी मिळून एक मोठी विहीर खांदली, तिच्यावर इंजिन बसवलं, आणि पाळ्या लावल्या. दुष्काळ पडला तसं पाणी तळाला गेलं आणि पाळ्या आखडत आल्या. भांडणं नकोत म्हणून आण्णांनी नियम घातला: पाळी घड्याळावर, आणि बदल टोल्यावर. टोला पडल्याशिवाय दुसऱ्याच्या पाटाला हात लावायचा नाही. तुमची वेळ झालेली असो नसो, टोला पडेल तेव्हाच खोरं उचलायचं, चालू पाट बुजवायचा आणि आपला फोडायचा. गावाने तो नियम देवाधर्मासारखा पाळला. पाण्यापायी एरवी डोकी फुटतात, आमच्याकडे त्या वर्षी कोणाचं डोकं फुटलं नाही, ते त्या रुळाच्या तुकड्यामुळे.

टोले द्यायचं काम करणारा माणूस घरदार घेऊन ऊसतोडीला गेला. इंजिनवाला इंजिन सुरू करून द्यायचा आणि गुरांच्या छावणीवर निघून जायचा, तिथे त्याला दुसरं काम होतं. मग टोला कोण देणार? मीच म्हटलं, मी देते. सासूबाई नको म्हणत होत्या. चेअरमनची सून विहिरीवर बसणार? आण्णा म्हणाले, “बसू द्या. घड्याळ शिकल्याल्या मान्सानं बघावं, म्हंजी कुनाला बोलाय जागा न्हाई.” गावाची सेवा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं, हे तुम्हाला सांगून टाकते. घरात वाचायला मिळत नव्हतं. विहिरीवरच्या खोलीच्या ओट्यावर मिळायचं.

तर ती दुपार. आमच्या मोसंबीच्या बागेची पाळी चालू होती. त्यानंतरची सारजाबाईची.

सारजाबाई मेंढरं राखणाऱ्या घरातली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल, विधवा, पदरात दोन लहान मुलं. विहिरीजवळ तिचा एक लहानसा तुकडा होता, त्यात तिने मेंढरांसाठी कडवळ पेरलं होतं. तिची पाळी इतरांसारखी जमिनीच्या मानाने मिळालेली नव्हती. तिच्या नवऱ्याने या विहिरीचा काळा पाषाण फोडला होता. महिनोन्‌महिने खाली उतरून सुरुंगाची भोकं मारली होती त्याने, आणि त्या बदल्यात आण्णांनी त्याला पाळी देऊ केली होती. तोंडीच. तो नंतर तापाने गेला. पाळी राहिली.

ती लवकर आली. पाटाच्या पलीकडे बाभळीखाली खोरं आडवं टाकून बसली. मी तिला पाहिलं. हे नीट ऐका—मी तिला पाहिलं. वारा सुटला होता, भट्टीसारखा, पानं फडफडत होती, म्हणून मी टोल्याची सळई पुस्तकावर आडवी ठेवली होती. दोन-तीनदा मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. आणि ह्या शहाणीला काय वाटलं असेल? वाटलं, बिचारी अडाणी बाई, शिकलेल्या बाईकडे कशी कौतुकाने बघतेय! ती सळईकडे बघत होती हो. तिला घड्याळ कळत नव्हतं. ज्याला कळतं त्याला विचारावं, तर ते चेअरमनच्या सुनेवर संशय घेतल्यासारखं झालं असतं. नियम होता टोल्याचा. ती टोल्याची वाट बघत होती.

किती वेळ गेला? बघा, इथेच माझी पंचाईत आहे. मला विचाराल तर एक प्रकरण वाचून होईल एवढा. तिला विचाराल तर कडवळ वाळून जाईल एवढा. घड्याळ म्हणालं, तिची पाळी सगळीच्या सगळी टळून वर काही वेळ. इंजिनाचा आवाज फाटला, पाण्याऐवजी वारा ओढायला लागलं, तेव्हा आम्ही दोघींनी एकदमच विहिरीकडे पाहिलं. तळ उघडा पडला होता. तिच्या वाटचं पाणी आमच्या मोसंबीने पिऊन टाकलं होतं.

आवाज छावणीपर्यंत गेला. इंजिनवाला धावत आला, त्याच्या मागून आण्णा आणि चार-दोन माणसं. आण्णांनी विहिरीत वाकून पाहिलं आणि साधाच प्रश्न केला. “सारजाची पाळी झाली का?”

आता सांगते.

मी म्हटलं, “टोला दिला होता मी. सारजाबाईंना डुलकी लागली असावी.”

एवढंच. शुद्ध मराठीत, आवाज न चढवता. ‘असावी’ म्हणाले, बरं का, ‘लागली’ असं ठाम नाही म्हणाले. खोटं बोलतानाही तर्कशास्त्राचा मान राखला! का बोलले? भीती होती का? आण्णा मला काहीही म्हणाले नसते. हसले असते, पुढच्या पाळीत भरपाई केली असती. घड्याळ शिकलेल्या माणसाने बघावं, असं ते चारचौघांत म्हणाले होते, आणि मला घड्याळही बघता आलं नाही, एवढीच ती लाज. एवढ्याशा लाजेसाठी.

तरीही इथवर ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण असलं खोटं बोलून लोक रात्री झोपतात आणि मीही झोपले असते. खरी गोष्ट पुढची आहे. सारजाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, “न्हाई वो वैनी, मी जागीच हुते. तुमच्याकडंच बघत हुते की. मी कावून झोपीन?”

ती भांडत नव्हती. तिच्या आवाजात नवल होतं. आणि मी—मला तेव्हा थांबता आलं असतं. मी पुस्तक काढलं. म्हणजे हातातलं नाही, डोक्यातलं. मी तिला समजावून सांगायला बसले, की सारजाबाई, माणूस वाट बघत असतो तेव्हा त्याचं मन वेळ ताणतं. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या रांगेत उभं राहिलं की घटका दिवसासारखी वाटते, हो की नाही? मग त्या ताणलेल्या वेळेत मधे झोपेचा तुकडा आला तरी मनाला कळत नाही. मन अलीकडची आणि पलीकडची कड जोडून घेतं, आणि माणसाला वाटतं आपण सलग जागेच होतो. म्हणून ‘मला आठवतं’ एवढ्यावरून तसं घडलंच असं ठरत नाही. मोठमोठ्या विद्वानांनी हे लिहून ठेवलंय.

लिहून ठेवलंय का? थोडंफार. मी मोडतोड करून घेतलं होतं. पण बोलत होते मात्र फार छान. लोक ऐकत होते. आण्णांची मान अभिमानाने हलत होती. आणि सारजाबाई—ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी बघता बघता तिच्या डोळ्यांतलं नवल विझलं. तिने पदराने डोळे पुसले, झोपेतून उठल्यावर पुसतात तसे.

“मग झोपलेच आसंल बाई,” ती म्हणाली. “सकाळपून खडी फोडाय गेलते.”

कोणीतरी म्हणालं, “सारजे, डोळे उघडे ठिवून घोरतीस व्हय गं!” सगळे हसले. तीही हसली. मीसुद्धा.

माझा अपराध हा. तिचं पाणी घेतलं तो नाही. तिला तिची दुपार आठवत होती, खरी, जशीच्या तशी, आणि मी तिच्याच हाताने ती तिला टाकून द्यायला लावली.

विहिरीला पाणी यायला, पाळी पुन्हा फिरून यायला बरेच दिवस गेले. कडवळ उभ्या उभ्या वाळलं. सारजाबाईने मेंढरं बाजारात नेली. मी ओट्यावर बसून टोले देत राहिले. त्या दिवसानंतर एकही चुकवला नाही, माझ्याइतकी वक्तशीर टोलेवाली गावाने पुन्हा पाहिली नसेल.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सोसायटीची सभा भरली आणि पाळ्या नव्याने लावायच्या ठरल्या. सारजाबाईचं नाव आलं तेव्हा एकाने हरकत घेतली, की हिची पाळी कायमची कशी? नवरा गेला, काम संपलं. आण्णा खोटा माणूस नव्हता. ते म्हणाले, मी शब्द दिला होता हे खरं, पण तो तेवढ्या सालापुरता की विहीर आहे तोवरचा, ते माझ्या ध्यानात नाही. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. मग ते सारजाबाईकडे वळले. “सारजा, तू जवळ हुतीस. मी काय बोललो हुतो, तूच सांग. तू सांगशील ते मला कबूल.”

तुम्ही बघताय ना काय झालं ते? सगळं तिच्या आठवणीवर आलं. आणि ती आठवण माझी ऐकलेली होती! त्या दुपारच्या आधी, पाळीची वाट बघताना ओट्यावर बसून तिने ती मला किती वेळा सांगितली होती. मुरमाच्या ढिगावर आण्णा उभे होते, नवऱ्याच्या डोक्याला मुंडासं नव्हतं, भाकरीची टोपली तिच्या हातात होती, आणि आण्णा म्हणाले, “ही हीर हाय तवर तुजी पाळी हाय.” दर वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सारजाबाई उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं. मग तिची नजर बायकांच्या घोळक्यात मला शोधायला लागली, सापडले मी, आणि ती म्हणाली, “आण्णा, मला कसं सांगता यीन? मी बसल्या जागी झोपते अन् माजं मला कळत न्हाई. मला वाटतंय तुमी बोललता. पन वाटतंय त्याचं काय खरं? वैनीला इचारा, त्यांनाच ठावं.”

वैनीला कोणी विचारलं नाही. वैनी लग्न होऊन नंतर आलेली, तिला विहिरीच्या वेळचं काय माहीत असणार? वैनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या दिवशी उठून दोन वाक्यं बोलायची होती—त्या दुपारी ती जागी होती, मी टोला दिला नव्हता. एवढ्याने तिची आठवण तिला परत मिळाली असती, आणि आठवणीबरोबर पाळी. मी गप्प बसले. आण्णा म्हणाले, “मंग काय करता?” पाळी रद्द झाली.

पुढच्या हंगामात सारजाबाई पोरांसकट कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. मग दर वर्षी जात राहिली.

आणि मी? मी प्राध्यापक झाले. बीडला बिऱ्हाड केलं, कॉलेजात लागले, आणि वर्षानुवर्षं पोरापोरींना तेच शिकवलं: स्मृती, काळ आणि वास्तव. फ्रेंचांचा तो भाग आला की मी खुलायची. भूतकाळ नाहीसा होत नाही, तो अख्खाच्या अख्खा असतो. मेंदू ही आठवणींची कोठी नव्हे, तो दारावरचा राखणदार, आत्ता कामाची असेल तेवढीच आठवण आत सोडणारा. आणि त्यांच्यातला पुढचा एक तर म्हणतो, की जे समोर घडतंय तेवढंच वास्तव नव्हे, जे घडून गेलंय तेही तितकंच वास्तव आहे, फक्त त्याचे हातपाय हलत नाहीत. एका पोराने विचारलं होतं, “मॅडम, मग ते असतं कुठं?” मी म्हटलं, “कुठं हा प्रश्न जागेचा आहे, काळाचा नाही.” काय उत्तर! माझं मलाच आवडलं होतं.

आता याच्याहून खालचं सांगते. वर्गाला उदाहरण लागतं. मी सारजाबाई द्यायची. नाव न घेता. म्हणायची, आमच्या गावात एक मेंढपाळ बाई पाण्याच्या पाळीची वाट बघत बसली होती, वाट बघता बघता तिचा काळ ताणला, मधे डोळा लागला, आणि टोला पडला तो तिला ऐकूच आला नाही. इथे मी टेबलावर डस्टर आपटायची—ठण्ण! वर्ग दचकायचा, मग हसायचा. दर वर्षी. नव्या तुकडीला नवा टोला.

आणि असं करता करता काय झालं असेल? मला तो टोला ऐकू यायला लागला. खोटं सांगत नाही. आज डोळे मिटले तर मला विहीर दिसते, उन्हातला रूळ दिसतो, माझा हात वर जातो, टोला पडतो, आणि त्याची थरथर कोपरापर्यंत येते. न दिलेल्या टोल्याची. शेजारीच दुसरं चित्रही आहे: पुस्तक, पानावर आडवी सळई, गरम वारा, रूळ गप्प. हे खरं, आणि ते मी बनवलेलं, हे मला माहीत आहे. पण माहीत आहे म्हणून माहीत आहे. नुसत्या आठवणीला विचारलं, तर दोन्ही सारख्याच झळझळीत आहेत. बनवलेली जरा जास्तच. भूतकाळ अख्खा असतो म्हणे! असेल. माझ्या दारावरच्या राखणदाराने तिथे अर्धं आयुष्य दुसऱ्याच कोणाला आत सोडलं.

निवृत्त झाले, गावी येऊन राहिले. नात शहरातून आली की माझ्यासाठी पुस्तकं आणते. तिला वाटतं आजीचं मन रमावं. त्यातल्या एकात आणखी एक फ्रेंच भेटला, अलीकडचा, म्हातारपणी लिहिणारा. स्मृती आणि विस्मृती यांवर त्याने पुष्कळ पानं खर्ची घातली आहेत. अवघड लिहितो. पण त्याच्या म्हणण्यातली एक गोष्ट मला कळली, आणि कळली नसती तर बरं झालं असतं. तो म्हणतो—माझ्या शब्दांत सांगते—की गेलेल्या काळाचे पुरावे कितीही गोळा करा, तळाशी शेवटी एक माणूस उभा असतो, जो म्हणतो की मी तिथे होतो. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, यावर सगळं उभं राहतं. साक्षीदार. विहिरीवरच्या पुस्तकातल्या पहिल्याने मला सांगितलं होतं की आठवण ताणते, आकसते, मिसळते, आणि मी ते हत्यारासारखं वापरलं. या म्हाताऱ्याने तेवढ्याच शांतपणे सांगितलं, की त्या ताणणाऱ्या आठवणीशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाही. मी पुस्तक मिटलं. त्या दुपारी विहिरीवर आम्ही दोघी होतो. तिथे होतो असं म्हणू शकणाऱ्या दोघीच. त्यातल्या खरं बोलणारीला मी गप्प केलं होतं, आणि खोटं बोलणारी वर्ग घेत फिरली.

तर गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले. सारजाबाईला आता ऊसतोड होत नाही. मुलं जातात, ती घरी असते. पाठ वाकलीय, बोटं कोयत्याच्या मुठीसारखी वळून राहिलीत. मी गेले तर अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. “या वैनी,” म्हणाली, पोतं अंथरलं. मला खाली बसायला आता वेळ लागतो, त्यावर दोघी हसलो. ती म्हणाली, “शिकल्याल्या गुडघ्यालाबी वंगान लागतंय म्हना की.” चहा झाला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मुरमाच्या ढिगाची आणि भाकरीच्या टोपलीची गोष्ट ती आता सांगत नाही. मी मुद्दाम विहिरीचं नाव काढलं, तर म्हणाली, “व्हय, तवा लई दुस्काळ हुता,” आणि सूप झटकलं.

मग मी सांगितलं. मराठीत सांगितलं, साध्या. टोला दिला नव्हता. वाचत बसले होते. सळई पुस्तकावर होती. तू जागी होतीस. तुला सगळं बरोबर आठवत होतं, मी खोटं बोलले, आणि सभेत गप्प बसले म्हणून तुझी पाळी गेली. सांगताना माझा आवाज हलला नाही. इतक्या वर्षांत मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की पाठ केल्यासारखं बाहेर आलं. तिचा हात सुपातच थांबला होता. ती चिडेल, रडेल, मला अंगणातून उठवेल, सगळ्याची मी तयारी करून गेले होते.

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं, थोडं काळजीने, वय झालेल्या माणसाकडे पाहतात तसं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली:

“न्हाई वो वैनी, असं कायबी मनाला लावून घिऊ नगा. तुमी टोला दिलता. म्या झोपंत आयकलता—आजूनबी कानात हाय माज्या.”